अकरा दिवसांचं फळ

३ सप्टेंबर, मंगळवार

एका दुपारी पट्टा बंद पडला होता. मी तेव्हा बावीस-तेवीस वर्षांची असेन. फळं वाहून आणणारा तो कॅनव्हासचा लांबलचक पट्टा दिवसभर खडखडत असायचा, आणि थांबला की कान एकदम मोकळे व्हायचे. चाळीस बायका आपापल्या टेबलापाशी उभ्या राहिल्या. कोणी बोटातलं रबरी टोपण काढलं, कोणी शेजारणीच्या केसांतले कागदाचे कपटे वेचले. मिस्त्री खरं तर लाकूडकामाचे, पण पट्ट्याच्या मोटारीखालीही तेच शिरले होते. त्यांचे नुसते पाय दिसत होते. आमच्यातली थोरली त्या पायांकडे बघून म्हणाली, "सावकाश होऊ द्या हो, आम्हाला घाई नाही!" सगळ्या हसल्या. मग आम्ही रिकाम्या पेट्या उलट्या घालून बसलो आणि दहा मिनिटं कोणीच काही केलं नाही.

त्या दिवशी बाकी काही घडलं नाही. आज पालिकेचं पत्र हातात घेऊन बसले तेव्हा मात्र नेमकी तीच दहा मिनिटं आठवली.

पत्रात लिहिलंय की रेल्वेच्या फाट्यालगतची फळं भरायची जुनी इमारत पाडून तिथे बसगाड्यांचा तळ करायचा, की ती राखायची, हे ठरवायला पाच जणांची समिती नेमली आहे. समिती शनिवारी, चौदा तारखेला, सकाळी दहाला इमारत बघायला येणार. 'आपले वडील तेथे व्यवस्थापक होते व आपण स्वतः एकतीस वर्षे तेथे काम केले आहे, तरी आपण उपस्थित राहून माहिती द्यावी.'

गावात तिला कोणी इमारत म्हणत नाही. सगळे नुसतं 'पॅकिंग' म्हणतात. एकोणीस वर्षं बंद असून अजूनही म्हणतात, "पॅकिंगच्या समोर उतरा."

माहिती मी काय देणार? मी पेट्यांच्या डोक्यांवर, म्हणजे टोकाच्या फळ्यांवर, अक्षरं काढायचे. फळाची जात, नग, कुठल्या बंदरावर उतरणार ते. साचा ठेवायचा, ब्रश फिरवायचा. साचा नसेल त्या बंदराचं नाव हाताने लिहायचे, कारण कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी शाळेत माझं अक्षर वळवून वळवून तसं केलं होतं. एवढंच माझं काम.

भाची म्हणाली, "मावशी, तू भाषण करू नकोस. तू भाषणात रडतेस. तुम्ही सगळ्या त्यांना काम करून दाखवा. त्यांच्या डोळ्यांसमोर पेटी भरा."

पोरगी हुशार आहे. माझ्या बहिणीवर गेलीय.

५ सप्टेंबर, गुरुवार

थोरलीकडे गेले. ती आमच्या बायकांची मुख्य होती. वयाने नव्हे, नुसत्या आवाजाने थोरली झाली आणि मग तेच नाव पडलं. आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. दुकानावरच्या दोन खोल्यांत सुनेबरोबर राहते. जिना इतका उभा आहे की वर पोचल्यावर आधी श्वास आणि मग बोलणं.

"कोण, छोट्या बाई? ये." व्यवस्थापकांची मुलगी म्हणून मी सहा वर्षांची असताना तिने मला हे नाव ठेवलं. मी आता चौसष्टची आहे. "जिना चढून आलीस म्हणजे कोणी तरी गेलं, नाहीतर कोणाचं तरी लग्न."

"दोन्ही नाही. पॅकिंग पाडायचं म्हणताहेत."

"पाडू देत. माझे गुडघे आधीच पडलेत."

मी समितीचं सांगितलं. तिने पाय सरळ करून गुडघे चोळले. मग म्हणाली, "किती जणी लागतील?"

"किती उरल्यात?"

"जिवंत विचारतेस की हाताने धड?"

"हाताने."

तिने बोटांवर मोजलं. सहा. "सातवीचे डोळे गेलेत. पण डोळे तिला कधी लागतच नव्हते, भरताना सगळं लक्ष गप्पांत असायचं. तिलाही घे."

सुनेने चहा आणला. थोरली बशीत ओतून फुंकर घालत म्हणाली, "मिस्त्री रोज सकाळी तुझ्याकडे चहाला येतो म्हणे. त्याच्या घरची साखर संपली का गं?"

मी म्हटलं, "हो ना, त्यांच्याकडे साखर नसतेच. परवा ते स्वतःच म्हणाले."

थोरलीने बशी खाली ठेवली. मग सुनेला म्हणाली, "हिला अजून एक कप दे. हिला गरज आहे."

७ सप्टेंबर, शनिवार

आज पॅकिंग उघडलं. पालिकेच्या माणसाने किल्ली दिली, पण सरकत्या दाराची चाकं गंजून बसली होती. मिस्त्री आधीच तेलाचा डबा आणि पहार घेऊन तिथे उभे होते. त्यांना कोणी कळवलं कोण जाणे. मी तर फक्त चहाच्या वेळी बोलता बोलता म्हटलं होतं.

आत कबुतरं, धूळ आणि छपराच्या फटींतून पडलेले उन्हाचे पट्टे. पण वास तोच. लाकूड, खळ, आणि खाली कुठेतरी फळ. एकोणीस वर्षांत गेला नाही. मी दारातच थांबले. मिस्त्री म्हणाले, "बाई, नाकाला रुमाल लावा, धूळ आहे." मी रुमाल लावला. धुळीसाठी नाही, पण ते त्यांना काय सांगायचं.

बायकांनी झाडायला घेतलं. मी माझ्या कोपऱ्यात गेले. साचे खिळ्यांवर तसेच टांगलेले, सगळ्यात वरच्या खिळ्यावर एक बंदर जे आता त्या नावाने नकाशात नाही. खाली माझं स्टूल. बसून बघितलं आणि नवल वाटलं. हात बरोबर पेटीच्या डोक्याच्या उंचीला येतो. दुसऱ्या स्टुलावर बसले तर खांदा उचलावा लागला. मापून बघितलं तर माझ्या स्टुलाचे पाय चार बोटं लांब आहेत, आणि मागे पाठीला टेकायला गोलाई दिलेली फळीही आहे. बाकी कुठल्याच स्टुलाला ती नाही. एकतीस वर्षं बसले आणि कधी लक्षात आलं नाही.

मी मिस्त्रींना म्हटलं, "बघा, त्या काळची कंपनी माणसांची किती काळजी घ्यायची!"

ते खिळे वेचत होते. म्हणाले, "हो. कंपनी चांगली होती."

११ सप्टेंबर, बुधवार

तालीम. कागद कुठून आणायचा ही चिंता होती. पोटमाळ्यावर तीन गठ्ठे सापडले, पातळ, किंचित पिवळे पडलेले, पण अजून कुरकुरीत. उंदरांनी त्यांना तोंड लावलेलं नाही. मिस्त्रींनी पेट्यांसाठी नवीन पातळ फळ्या रंधा मारून आणल्या. एवढ्या कमी दिवसांत कशा झाल्या, विचारलं तर म्हणाले, "पडून होत्या." नवीन लाकडाचा वास काय आपल्याला कळत नाही? पण वाद घातला नाही.

सहा जणी आणि सातवी टेबलापाशी उभ्या राहिल्या. खऱ्या फळाऐवजी आज कांदे घेतले. पहिली पाच मिनिटं सगळ्या अडखळत होत्या, एकमेकींना हसत होत्या. मग कोणाच्या तरी हाताने ताल धरला. डाव्या बोटावर रबरी टोपण, त्याने कागद उचलायचा, उजव्या हाताने फळ त्यात आपटायचं, एक पीळ, आणि पिळाची शेपटी खाली दाबून बसवायची म्हणजे तिचीच गादी होते. तिरप्या ओळी. कडेला सपाट, मधे तीन बोटं फुगवटा, कारण प्रवासात फळ आकसतं आणि पेटीत मोकळं झालं की एकमेकांवर आपटतं. मिस्त्री झाकण दाबून वाकवतात आणि दोन्ही टोकांना चार चार खिळे. फळी चाप लागल्यासारखी वाकून बसते.

सातवी, डोळे नसलेली, सगळ्यांच्या आधी पेटी भरून मोकळी झाली. वर म्हणते, "ह्यातला एक कांदा सडका आहे, तिसऱ्या ओळीत." होता.

भाचीने मोबाईलवर सगळं टिपून घेतलं. म्हणाली, "मावशी, हे बघून कोणी नाही म्हणूच शकत नाही."

मलाही तसंच वाटतंय. सिस्टर आम्हाला शाळेत वहीत लिहायला लावायच्या, आज कुठल्या गोष्टीचा गर्व झाला. आज ह्या गोष्टीचा झाला.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

बागवाल्याने नाशपतीचे वीस क्रेट पाठवले. कालच झाडावरून उतरवलेली फळं. शिवाय त्याच्या बायकोने एक टोपली वेगळी दिली. ती आधी उतरवून घरात ठेवलेली, पिवळी, देठापाशी मऊ. म्हणाली, "पाहुण्यांच्या चवीला असू दे."

थोरलीने निवडायला घेतलं. माझे वडील हे काम तिच्याशिवाय कोणालाच देत नसत. देठाच्या बाजूला मान असते ना फळाला, तिथे अंगठा टेकवायचा. मान किंचितही दबली की फळ बाद. आमच्याकडे दुसरी कसोटी नव्हती. आधी आगगाडी, मग जहाज, मग तिकडची गाडी, असा अकरा दिवसांचा प्रवास असायचा. आज मऊ झालेलं फळ वाटेत सडायचं आणि सोबत अख्खी पेटी न्यायचं. वडील म्हणायचे, आज खाता येतं ते फळ आपलं नाही. प्रत्येक पेटीत भरणारीच्या नंबराची चिठ्ठी असायची, आणि मऊ फळ निघालं की ती चिठ्ठी तिकडून टपालाने परत यायची. चिठ्ठी परत येण्याची लाज काय असते, हे आमच्या बायकांना विचारावं.

थोरलीचा अंगठा अजून तस्साच. टक, टक, टक. सगळ्यात कडक, हिरवी, डाग नसलेली फळं पुढे काढली. टोपलीतलं एक पिवळं हातात घेतलं आणि नाक मुरडलं. "हे काय, लापशी?" टोपली दारामागे सरकवली.

भाची हळूच म्हणाली, "मावशी, ही हिरवी जरा कडक नाहीत का वाटत?"

मी म्हटलं, "अगं, कडकच हवीत. तुला ह्यातलं कळत नाही."

पाचही जणांसाठी बारा बारा फळांची छोटी पेटी भरायची आणि पेटीवर त्यांचं त्यांचं नाव मी लिहायचं, असं ठरलंय. शिवाय कापून चवीला. जास्तीच्या पेट्याही भरून ठेवणार आहोत, हात आता थांबत नाहीत.

१४ सप्टेंबर, शनिवार

खरं तेच लिहायचं, म्हणून लिहिते.

सुरुवात फार छान झाली. समितीचे अध्यक्ष गावातले दातांचे डॉक्टर, गोड स्वभावाचे. दुसरे पालिकेचे इंजिनिअर, त्यांचे डोळे सतत छपरावर. बाकी तिघं. बायकांनी भरायला सुरुवात केली आणि सगळे टेबलांभोवती गोळा झाले. सातवीचे डोळे नाहीत हे कळल्यावर डॉक्टरांनी टाळ्याच वाजवल्या. थोरली इंजिनिअरना म्हणाली, "वर काय बघता साहेब, फळं खाली आहेत!" तेही हसले. मी प्रत्येकाच्या पेटीवर ब्रशने नाव लिहिलं, एकही अक्षर तिरकं गेलं नाही. मिस्त्रींनी झाकणं ठोकली. मी वडिलांबद्दल दोन वाक्यं बोलले आणि रडले नाही.

मग चव.

भाचीने सुरीने फळ कापायला घेतलं तेव्हा सुरीचा आवाज झाला. मला तेव्हाच कळायला हवं होतं. फोडी बशीत ठेवल्या. डॉक्टरांनी एक तोंडात टाकली आणि चावता चावता थांबले. चेहऱ्यावर हसू तसंच होतं, पण जबडा हलेना. इंजिनिअर म्हणाले, "डॉक्टर, तुमच्या दवाखान्याची सोय झाली." सगळे हसले. आमच्यातलंही कोणीतरी हसलं. एका बाईंनी फोड हळूच रुमालात गुंडाळली. एकाने विचारलं, "ही खाण्यासाठीच आहेत ना?"

थोरली उभी होती. तिने बशीकडे बघितलं, मग स्वतःच्या अंगठ्याकडे बघितलं.

आम्ही आयुष्यभर फळ दूर पाठवलं. खाणारं माणूस आमच्यासमोर कधी उभंच राहिलं नव्हतं. आज राहिलं, आणि आम्ही त्याच्यासाठीही अकरा दिवसांनी पिकणारं फळ निवडलं. चाळीस पावलांवर दारामागे पिकलेल्या फळांची टोपली होती. एकीलाही आठवली नाही. मलाही नाही.

संध्याकाळी पालिकेतून फोन आला. तीन विरुद्ध दोन. पाडायचं.

समितीतले सगळे आपापली पेटी सौजन्याने घेऊन गेले होते.

१५ सप्टेंबर, रविवार

बायका काल ती टोपली घरी घेऊन गेल्या होत्या. रस्त्यात खाल्ली म्हणे, कोपरापर्यंत रस. एकीने निरोप पाठवला, "फार गोड होती."

पाहुण्यांना दगड आणि आम्हाला गोड.

मिस्त्री आले. चहा घेतला. माझ्या फाटकाची कडी गेले दोन महिने नीट बसत नव्हती, ती बसवून गेले.

१८ सप्टेंबर, बुधवार

थोरलीची सून आली होती. म्हणाली, "तुम्ही या हो जरा. चार दिवस त्या भिंतीकडे तोंड करून पडल्यात. भांडतसुद्धा नाहीत."

गेले. ती खरंच भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"छोट्या बाई, चिठ्ठी परत आली बघ."

"ती तुमच्या एकटीची नाही. भाची मला म्हणाली होती, कडक आहेत म्हणून. मी तिला गप्प केलं."

"तू काय, तू साचेवाली. तुला फळातलं काय कळतं?" तेवढ्याने जरा जीव आला तिच्या आवाजात. मग उठून बसली. अंगठा माझ्यापुढे धरला. "हा चुकलेला नाही. हा बरोबरच होता. ह्याला फक्त कोणी सांगितलं नाही की खाणारा समोर उभा आहे."

मी तिचा हात हातात घेतला. अंगठा अजून गुळगुळीत आहे, लाखो फळांनी घासलेला. मग आम्ही दोघी रडलो, आणि सून दाराबाहेर थांबली, शहाणी आहे.

निघताना थोरली म्हणाली, "आणि तो मिस्त्री? त्याचं काय?"

"त्यांचं काय? ते बरे आहेत."

"त्याला मोठ्या शहरातल्या गिरणीत बोलावणं आलं होतं, दुप्पट पगारावर. तुला माहीत आहे का? तू पस्तिशीची असशील. गेला नाही."

"हो, इथल्या पेट्या कोण करणार होतं?"

"खरं आहे," थोरली म्हणाली. "पेट्या." आणि पुन्हा भिंतीकडे तोंड करून झोपली. ह्या वेळी मात्र तिचे खांदे हलत होते, आणि ती रडत नव्हती हे नक्की.

२१ सप्टेंबर, शनिवार

आज मनात एक वाईट विचार आला. बरंच झालं पाडताहेत, मला आता जपायला काही उरणार नाही, सुटले. दुपारपर्यंत तो विचार टिकला. मग कामगार मोजमाप घेताना दिसले आणि गेला.

मिस्त्री तीन दिवस आले नाहीत. सर्दी झाली म्हणे. चहा एक कपच करायचा ह्याची सवय नसल्याने तिन्ही दिवस दोन कप झाला. दुसरा कप मीच प्यायले. झोप लागत नाही, ती चहामुळेच.

२५ सप्टेंबर, बुधवार

आज सकाळी अकराला दातांचे डॉक्टर स्वतः दारात. हातात त्यांची ती पेटी, झाकण उचकटलेलं.

"बाई, हे काय आहे?" म्हणाले.

मला वाटलं तक्रार घेऊन आले. मी म्हटलं, "डॉक्टर, झालं ते झालं, आमची चूक."

"अहो, नाही. आत येऊ का?"

त्यांनी पेटी दवाखान्याच्या मागच्या खोलीत टाकली होती आणि विसरले होते. सोमवारपासून काहीतरी वास येऊ लागला. पेशंट विचारायला लागले. कोणी म्हणे अत्तर, कोणी म्हणे फुलं. आज सकाळी एक म्हातारे खुर्चीत तोंड उघडून बसले होते, ते तोंड मिटून म्हणाले, आधी तो वास कशाचा ते सांगा, मग दात काढा. तेव्हा ह्यांनी पेटी शोधली. एक कागद उलगडला.

"मी बेसिनपाशी उभा राहून तीन खाल्ली," डॉक्टर म्हणाले. "शर्टावर रस. पेशंट तसाच खुर्चीत. त्यालाही एक दिलं. काढायचा दात त्याने त्यातच वापरला."

मी दिवस मोजले. चौदा ते पंचवीस. अकरा. थोरलीचा अंगठा एका दिवसानेही चुकला नव्हता.

मग मी विचारलं. विचारायला नको होतं, पण विचारलं. "त्या दिवशी फळ पिकलेलं असतं तर तुमचं मत वेगळं पडलं असतं का?"

ते प्रामाणिक माणूस आहेत. त्यांनी झाकण पेटीवर नीट बसवलं. "खरं सांगू? मी छप्पर बघून मत दिलं. तुळया गेल्यात. पडलं असतं कोणाच्या तरी डोक्यावर. पण आज मला वाईट वाटतंय, आणि त्या दिवशी वाटलं नव्हतं. तेवढा फरक फळाने केला."

आमच्यामुळे गेलं नाही, हे ऐकून बरं वाटलं की आम्ही काहीही केलं असतं तरी गेलंच असतं म्हणून वाईट, ते अजून ठरत नाहीये.

निर्णय बदलणार नाही. ठेका दिला गेलाय, एक तारखेला काम सुरू. पण डॉक्टरांनी एक केलं. पालिकेला फोन करून तिथल्या तिथे कबूल करून घेतलं की तीस तारखेपर्यंत आतलं जे काही काढून नेता येईल ते कोणाला द्यायचं हे मी ठरवावं. मी यादी करून सही करावी, ते तिच्यावर शिक्का मारून आणतील.

ते गेल्यावर थोरलीकडे धावले. धावले म्हणजे आमच्या वयात जेवढं धावता येतं तेवढं. जिन्यावरूनच ओरडले, "अकरा! बरोबर अकरा!"

आतून आवाज आला, "मग काय बारा होणार होते?"

आणि सुनेला, "माझी चप्पल काढ गं. माझे पाय बरे आहेत."

२८ सप्टेंबर, शनिवार

गेले तीन दिवस आम्ही सगळे आत आहोत. मिस्त्रींची सर्दी बरी झाली. त्यांना बघून मला इतका आनंद झाला की मी त्यांच्यावर ओरडले, सर्दीत डोक्याला काही बांधायचं कळत नाही का म्हणून. ते म्हणाले, "आता बांधीन." थोरलीने मधेच खोकून घेतलं.

यादी झाली. पालिकेसाठी वेगळी, नीट लिहिली आहे. ही भाचीसाठी, कारण सरकारी यादीत कारणं लिहिता येत नाहीत. राणी, ही समोर ठेवून सोमवारी सगळं पोचवायचं आहे. मी तिथे असेन, पण माझा भरवसा धरू नकोस.

भरायच्या टेबलांच्या फळ्या, जिच्या नंबराची तिला. फळीच्या कडेला नंबर कोरलेले आहेत, पुसून बघावे लागतील. सतरा नंबरची बाई गेल्या वर्षी गेली, तिची फळी तिच्या नातीला पार्सलने पाठवायची. पत्ता थोरलीकडे. नातीला सोबत दोन ओळी लिही, नाहीतर तिला वाटेल कोणी लाकूड का पाठवलं.

सातवीला फळी नको आहे. तिला पोटमाळ्यावरचा उरलेला कागद हवा आहे, सगळाच. हात लावून बसायला, म्हणाली. दे.

थोरलीला तिची फळी द्यायचीच, पण तिने वडिलांच्या खोलीवरची 'व्यवस्थापक' ही पितळी पाटीही मागितली. म्हणाली, "तीस वर्षं चालवत मीच होते, पाटी तेवढी चुकीच्या दारावर होती." वडील असते तर हसून हो म्हणाले असते. तिच्या खोलीच्या दारावर लाव, आणि सुनेची परवानगी आधी घे.

पट्ट्याचा कॅनव्हास बागवाल्याला, क्रेटवर झाकायला. त्याच्या बायकोला मात्र मी स्वतः जाऊन सांगणार आहे की तिची टोपली दारामागे राहिली ती तिच्या फळाची चूक नव्हती.

साचे रस्त्यापलीकडच्या शाळेतल्या चित्रकलेच्या बाईंना. मुलं बंदरांची नावं भिंतींवर उमटवणार असतील तर उमटवू देत. फक्त ब्रश भिजत ठेवायला शिकवा म्हणावं.

जास्तीच्या पेट्यांतल्या दोन अजून आहेत. मी मागच्या थंड खोलीत ठेवल्यामुळे पिकण्यात मागे राहिल्या, मंगळवारपर्यंत पिकतील. एक डॉक्टरांना. दुसरी इंजिनिअर साहेबांना, कारण त्यांनी त्यांची पेटी दुसऱ्याच दिवशी फेकून दिली असं कळलं. झाकणावर मी मोठ्या अक्षरात लिहिलंय: 'मंगळवारआधी उघडू नये.' ते ऐकतील असं वाटत नाही, तरी.

राहिलं सरकतं दार. मिस्त्रींना विचारलं, तुम्हाला काय हवं, तर आधी काही नको म्हणाले. मग वेचलेले खिळे डब्यात टाकून झाल्यावर म्हणाले, दाराच्या फळ्या द्या, सागवानी आहेत, त्यांचा बाक करतो, तुमच्या व्हरांड्यात ठेवायला. मी म्हटलं, एकटीला एवढा लांब बाक कशाला. ते म्हणाले, "फळ्या तेवढ्या लांब आहेत, बाई."

फळी कापून लहान करता येते. एकतीस वर्षं मी त्यांना तेच करताना बघितलंय. मी यादी पुढे ओढली.

तर दाराच्या फळ्या मिस्त्रींना. बाक पुढच्या आठवड्यात येईल. राणी, त्याआधी व्हरांड्यातल्या कुंड्या भिंतीकडे सरकवून जागा करून ठेव. दोघांची.